टिकटिक थांबल्यावर

माझी बायको गेली त्या सकाळी मी बुटांच्या नाड्या बांधून, कप विसळून, स्वयंपाकघरात हॉर्नची वाट बघत बसलो होतो. हॉर्न वाजला नाही. त्यावरूनच मला कळलं, पण कळायला वेळ लागला. आधी मी तिच्यावर चिडलो.

आमची कामाची पद्धत सांगितल्याशिवाय हे समजणार नाही. मी ट्रक चालवतो. ट्रक माझाच आहे, जुन्या धाटणीचा, पुढे लांब नाक असलेला. खाणीतून खडी भरायची आणि वर डोंगरात बोगद्याचं काम चालू आहे तिथे नेऊन ओतायची. आमच्याकडे थंडी कडक. डिझेलचं इंजिन गार असताना लगेच कामाला जुंपलं की त्याचं आयुष्य कमी होतं, म्हणून सकाळी थोडा वेळ नुसतं चालू ठेवावं लागतं. हे काम बायको करायची, लग्न झाल्यापासून. मी दाढी-आंघोळ उरकेपर्यंत ती माझं जुनं जॅकेट अंगावर चढवून मागच्या दाराने शेडमध्ये जायची, ट्रक सुरू करायची आणि केबिनमध्ये बसून राहायची. तिला गाडी चालवता येत होती, पण परवाना तिने कधी काढला नाही. म्हणायची, "मला कुठे जायचंय?"

इंजिनाच्या एका अंगाला मॅनिफोल्ड असतो. बिडाचा जाड नळ, सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढे सायलेन्सरकडे देतो. आमच्या ट्रकच्या मॅनिफोल्डला केसाएवढा तडा गेलेला होता. लोखंड गार असलं की त्या तड्यातून धूर निसटायचा आणि त्याचा आवाज यायचा, टिकटिकटिकटिक, शिवणयंत्र चालल्यासारखा. लोखंड तापलं की फुगतं, तडा मिटतो, टिकटिक थांबते. टिकटिक थांबली म्हणजे गाडी तयार. मग बायको छोटा हॉर्न वाजवायची. एकदाच, आखूड.

ट्रकला दोन हॉर्न आहेत. मोठा हवेचा, दोरी ओढून वाजवायचा, तो रस्त्यावर. छोटा स्टिअरिंगच्या मधल्या बटणाचा, तो तिचा. मी त्याला हात लावत नसे. मला उशीर झाला की तो दोनदा वाजायचा, आणि दोनदा वाजला की पायात एकच मोजा असला तरी मी पळायचो.

त्या सकाळी टिकटिक नेहमीसारखी सुरू झाली. नेहमीसारखी थांबली. मी दाराकडे बघत होतो. आदल्या संध्याकाळी आमचं थोडं वाजलं होतं, मी मॅनिफोल्ड बदलायचं म्हणत होतो आणि ती नको म्हणत होती. त्यामुळे मला वाटलं, बाईसाहेब रुसल्यात. आपण होऊन या म्हणतात. म्हटलं, बसू दे, मीही बसतो. मी कप पुन्हा विसळले. मग पुसूनही ठेवले. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता.

शेवटी मी गेलो. ती खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसली होती. एक हात मांडीवर, एक हात स्टिअरिंगच्या मधोमध. मी आधी इंजिन बंद केलं. का, ते सांगता येणार नाही. चालू गाडीत कसलंही काम करायचं नाही, ही हाताची सवय.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. माझ्या मुलीने त्यांना दोनतीन वेळा तेच तेच विचारलं. ते म्हणाले, "झटका फार मोठा होता. त्यांना काही कळलंही नसेल." मुलगी लांबच्या शहरात नोकरी करते, रात्रभर प्रवास करून आली होती. ते वाक्य तिने गाठीला बांधून ठेवलं. फोनवर रडायला लागली की मध्येच म्हणायची, "पण तिला काही कळलंही नसेल, ना बाबा?" मी म्हणायचो, "नाही ना." मलाही तेवढाच आधार होता. गेली, पण सुखाने गेली. माणूस कशालाही सुख म्हणतो.

पुढे ट्रक बरेच दिवस उभा राहिला. मग बोगद्यावरच्या मुकादमाचा निरोप आला, येतोस की दुसरा बघू? मी कामाला लागलो. आता गाडी मीच गरम करायचो. केबिनमध्ये बसून टिकटिक ऐकायचो. ती थांबली की निघायचो. छोट्या हॉर्नला मी हात लावला नाही. कोणाला बोलावणार?

पण तडा वाढला होता. गाडी घाटात ओढत नव्हती, भरलेली असली की रडतखडत चढायची. मी मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री म्हणजे आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक. माझ्याहून वयाने लहान, तोंडाने मोठा. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरी मारून आत पाहिलं.

"ड्रायव्हरसाहेब, हा तडा आहे की खिंड? ह्यातून आता खडी पण नेता येईल."

"वेल्डिंग करून दे."

"बिडावर वेल्डिंग म्हणजे फाटक्या खिशात पैसे. चार दिवस टिकेल. नवीन टाक. आता तीन तुकड्यांचा येतो. सांध्यात सरकतो. लोखंड तापून ताणलं तरी त्याला जागा मिळते, मग तडा जातच नाही."

"सरकतो म्हणजे माझ्या मेव्हण्यासारखा. ज्याच्या घरी जेवण, त्याच्या बाजूला."

मिस्त्री हसला, पण लगेच गप्प झाला. मेव्हणा म्हटल्यावर त्याला ती आठवली असणार. हात पुसत म्हणाला, "वहिनी नको म्हणायच्या, माहीत आहे मला. एकदा इथे उभ्या राहून भांडल्या होत्या माझ्याशी."

मलाही ते भांडण आठवत होतं. ती म्हणाली होती, "अहो मिस्त्री, ती टिकटिकते म्हणून मला कळतं. उद्या मुकी झाली तर रोज तिच्या कपाळाला हात लावून ताप बघू का?"

मी त्याला सांगितलं, विचार करून सांगतो. हसण्यासारखी गोष्ट होती, कळत होतं. एका लोखंडाच्या नळाचा विचार काय करायचा? पण नवीन बसला की टिकटिक जाणार. ती घालायची ते जॅकेट मुलगी घेऊन गेली होती, साड्या वाटून झाल्या होत्या. रोज सकाळी तिच्यासारखा वाजणारा एवढा एक आवाज घरात उरला होता. तो माझ्या हाताने बंद करायचा की नाही, एवढाच प्रश्न होता.

मिस्त्रीने तोवर नवीन मॅनिफोल्ड मागवून ठेवला. म्हणाला, "खोक्यात राहील. तुझं मन झालं की सांग. फक्त एक लक्षात ठेव, त्या तड्यातून आगीसारखा धूर बाहेर पडतो. आज शेजारची एखादी वायर जाळेल, उद्या गाडी."

काहीतरी वेगळं चाललंय, हे मला आधी शेजारच्या काकूंकडून कळलं. काकू म्हाताऱ्या आहेत, त्यांची झोपायची खोली आमच्या शेडला लागून आहे. माझा सुट्टीचा दिवस होता. मी उशिरा उठून बाहेर दूध घ्यायला उभा होतो.

काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू पुन्हा वेळेवर गाडी तापवायला लागलास. मध्यंतरी तुझी टिकटिक नव्हती, तर मला जागच येईना. डोळे उघडायचे ते एकदम उन्हं आल्यावर."

"आज मी गाडी सुरू केली नाही, काकू."

"मग मी काय बहिरी झाले, की उलटी बहिरी झाले?"

त्यांच्या मांडीवर मांजर होतं. ह्याच मांजराला बायकोने शेवटच्या संध्याकाळी हॉर्न मारला होता. ते बॉनेटवर चढून बसलं होतं. ती केबिनमधून छोटा हॉर्न दाबत होती आणि हसत होती, आणि मांजर ढिम्म. ते मला आत्ता, दुधाची पिशवी हातात असताना आठवलं.

मी शेडमध्ये गेलो. ट्रक होता तिथेच होता. शेड पुढून उघडीच, त्यामुळे बॉनेटवर दव पडलं होतं, सगळीकडे सारखं, फक्त डाव्या अंगाला थाळीएवढा गोल कोरडा होता. मी बॉनेट उघडलं. इंजिनाला हात लावला, दगडासारखं गार. रेडिएटर गार. मॅनिफोल्डला हात लावला. तो कोमट होता.

मी घाबरलो नाही. तीस वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला लोखंडाची भीती वाटत नाही. कोणीतरी गाडी नेतंय असं माझ्या मनात आलं. पण गाडी नेली तर इंजिन तापणार, नुसता मॅनिफोल्ड कसा तापेल? तरी मी टायरवर आणि खालच्या फरशीवर खडूने एक सरळ रेघ मारली. गाडी इंचभर हलली तर रेघ तुटणार. किल्ली उशाखाली घेऊन झोपलो.

सकाळी रेघ जिथल्या तिथे होती. मॅनिफोल्ड कोमट होता.

नंतर मी स्वतः ऐकलं. स्वयंपाकघरात चहा टाकला होता. दोन कप काढले होते, ती चूक मी अजून करतो. किल्ली समोर खिळ्याला होती. टिकटिक सुरू झाली.

लोखंड गार होतानाही टिकटिकतं, ते मला माहीत आहे. पण ते सावकाश, एक टिक, मग थांबून दुसरी, मग आणखी थांबून तिसरी. ही तशी नव्हती. ही भरभर होती, एकसारखी, इंजिन चालू असताना येते तशी. फक्त इंजिनाचा आवाज नव्हता. जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ती चालली. मग थांबली.

मी कप हातात धरून उभा होतो. आता काय येतं हे माझ्या कानांना पाठ होतं. हॉर्न आला नाही. थोड्या वेळाने शेडमधून एक वेगळाच बारीक आवाज आला. टक्. कुठेतरी लोखंड गार पडत असेल, असं मी धरून चाललो.

मी चहा प्यायलो. दुसरा कपही मीच प्यायलो.

त्यानंतर ते रोज होऊ लागलं. खरं सांगायचं तर मला त्याचा त्रास नव्हता. मी तोंड धुऊन, कपडे करून, वेळेवर तयार व्हायला लागलो. दाढी रोज करायला लागलो. टिकटिक थांबायची, मग ते टक् व्हायचं, कधी एक, कधी दोन, मग मी जायचो. मॅनिफोल्डला हात लावायचो. गाडी सुरू करायचो, तर ती टिकटिकायचीच नाही, कारण तडा आधीच मिटलेला असायचा. मिस्त्रीने दोनदा विचारलं, खोकं उघडू का? मी दोनदा नको म्हणालो.

मुलगी चार दिवस राहायला आली. पहिल्याच सकाळी मी उठून स्वयंपाकघरात आलो तर ती आधीच टेबलाशी बसली होती. डोळे सुजलेले.

"बाबा, तुम्ही शेडमध्ये होतात ना आत्ता?"

मी आतल्या खोलीतून येताना तिने मला पाहिलं होतं. पायात चपलाही नव्हत्या. तिला हवं ते उत्तर मी दिलं. "हो. गाडी गरम करत होतो."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. दुपारी ती गॅरेजमध्ये जाऊन आली, आणि संध्याकाळी माझ्यासमोर उभी राहिली. उभी राहायची तऱ्हा हुबेहूब आईची.

"मिस्त्रीकाका सांगत होते, गाडी पेट घेऊ शकते. खरं?"

"मिस्त्रीला गिऱ्हाईक हवं असतं."

"बाबा, आई अशी अचानक गेली. तिला काही कळलंही नाही, म्हणून मी कसंबसं सहन केलं. तुम्ही त्या घाटात जळून गेलात तर मी काय म्हणून सहन करायचं? की बाबांना तो आवाज आवडायचा म्हणून?"

मी त्याच संध्याकाळी ट्रक गॅरेजमध्ये नेऊन उभा केला, किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली आणि चालत घरी आलो. त्या रात्री शेड रिकामी होती. सकाळी काहीच ऐकू आलं नाही. मी बराच वेळ बसून होतो.

उन्हं आल्यावर गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री बाहेरच कट्ट्यावर बसला होता. उजव्या हाताची बोटं पाण्याच्या डब्यात.

"काय झालं?"

"तू सकाळी येऊन गाडी चालू केली होतीस?"

"किल्ली तुझ्याकडे आहे."

"हो, माझ्याकडे आहे." त्याने बोटं बाहेर काढून पाहिली. टोकं लाल झाली होती. "पहिला नट सोडवायला गेलो, तर चटका बसला. इंजिन गार आहे. मी दुसरा हात लावून पाहिला. बर्फ आहे बर्फ."

मी ट्रककडे पाहिलं.

"ऊन लागलं असेल," मिस्त्री म्हणाला. मग त्यानेच वर पत्र्याच्या छपराकडे पाहिलं.

लोखंड निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्याने कामाला हात घातला. एरवी काम करताना त्याची बडबड चालू असते, आज नव्हती. मॅनिफोल्ड सुटला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलून फडक्यावर ठेवला. तडा आता करंगळीएवढा लांब होता, कडा काळ्या पडलेल्या. मिस्त्री पुन्हा आत वाकला, बॅटरी मारली आणि तसाच वाकलेला राहिला.

"हे बघ. मी म्हणत होतो की नाही?"

तड्याच्या बरोबर समोरून एक वायर जात होती. तिचं वरचं प्लास्टिक वितळून काळं पडलं होतं आणि मध्ये ती तुटली होती. दोन टोकं, मध्ये बोटभर अंतर.

"कसली वायर?" मी विचारलं.

"छोट्या हॉर्नची. कधीपासून बंद आहे?"

"मी वाजवत नाही तो."

"कधी वाजला होता शेवटचा, ते तरी?"

मी सांगितलं. काकूंच्या मांजराला. तिच्या शेवटच्या संध्याकाळी.

मिस्त्रीच्या ते लक्षात आलं नाही, तो कामाच्या नादात होता. "मग त्यानंतरच गेली," तो म्हणाला. "अशी वायर एकदम जळत नाही. रोज थोडी थोडी भाजते, आणि एके दिवशी सोडते. तेही गाडी पळताना नाही, पळताना वारा लागतो. उभी करून चालू ठेवली की जळते. सकाळी गरम करताना वगैरे."

मी ट्रकच्या मडगार्डला धरून उभा होतो.

"बाकीचं सगळं ठीक आहे का बघतो," असं म्हणून तो केबिनमध्ये चढला आणि त्याने स्टिअरिंगच्या मधलं बटण दाबलं.

टक्.

"ऐकलंस? रिले बोलतोय. बटण दाबलं की आधी रिले, म्हणजे आतला छोटा स्विच, उठतो, मग हॉर्न. बटण चांगलं आहे, रिले चांगला आहे, फक्त पुढे वायर नाही. दाबणारा दाबतोय, पण बाहेर काही येत नाही."

त्याने पुन्हा दाबलं. टक्.

तो आवाज मी रोज सकाळी स्वयंपाकघरात ऐकत होतो.

"पुरे," मी म्हणालो.

"अरे, खात्री करून..."

"पुरे म्हटलं ना."

तो खाली उतरला. माझ्याकडे बघून त्याने मला कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं. माझ्यासमोर तिचा हात होता, स्टिअरिंगच्या मधोमध. मी तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला होता. मला वाटलं होतं, पडला असेल तसाच.

कप पुसून ठेवायला मला किती वेळ लागला असेल?

"काय करू?" मिस्त्रीने विचारलं. "आज नको असेल तर जुनाच परत चढवतो."

"नवीन बसव," मी म्हणालो. त्या तड्याकडे मला बघवत नव्हतं. इतके दिवस मी तो तिची आठवण म्हणून सांभाळला होता.

नवीन मॅनिफोल्ड बसला. मिस्त्रीने गाडी सुरू केली. गार इंजिन, तरी टिकटिक नाही. गुळगुळीत आवाज. तो खूश झाला, मग हातात वायरचा तुकडा घेऊन आला.

"हॉर्नचं पण करून टाकतो. चुटकीसरशी होईल."

मी वायरची दोन टोकं पाहिली. जोडली आणि सकाळी हॉर्न वाजला, तर मला जावं लागेल. आमची पद्धतच तशी होती, तिने बोलवायचं आणि मी जायचं. आणि जोडूनही वाजला नाही, तर मग काय उरलं? दोन्हींपैकी कशाचीही माझी तयारी नव्हती.

"राहू दे," मी म्हणालो.

"अरे, पण एवढंसं काम."

"राहू दे म्हणतोय ना."

त्याने दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळली, वायरचा तुकडा माझ्या हातात दिला आणि बॉनेट लावलं. जुना मॅनिफोल्ड भंगारात टाकू का, असं विचारलं. मी हो म्हणालो. तो उचलून कोपऱ्यात नेताना त्याने मधेच थांबून फडकं दुहेरी केलं.

मुलगी निघाली त्या दिवशी मी तिला सोडायला गेलो. तिने मला मिठी मारली, शाबास म्हणाली, जणू मीच शाळेत पहिला आलो होतो. मग बसच्या खिडकीतून म्हणाली, "आईला काही कळलं नसेल, हेच मी रोज स्वतःला सांगते."

"नाही कळलं," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले ना."

आता ट्रक घाटात चांगला ओढतो. मुकादम विचारतो, नवीन इंजिन टाकलंस का? काकू म्हणतात, त्यांना पुन्हा जाग येत नाही, एखादं घड्याळ आणून दे. बरेच दिवस सकाळी शेडमध्ये काही नव्हतं. मी रोज नव्या मॅनिफोल्डला हात लावून बघायचो. गार. मला वाटलं, संपलं. वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं.

मग एका सकाळी, मी दाढी करत असताना, ते झालं.

टक्.

पुढेमागे काही नाही. टिकटिक नाही. मी साबण लावलेल्या तोंडाने शेडमध्ये गेलो. खिळ्यावरची किल्ली खिळ्यावर. इंजिन गार, मॅनिफोल्ड गार, केबिन रिकामी. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर, डोकं टेकलं तर येईल त्या उंचीला, वाफ धरली होती. मी बघत होतो तोवर ती वाढली, मग विरली, मग पुन्हा वाढली.

टक्.

पूर्वी टिकटिक असायची, तिच्यावरून मला अंदाज यायचा. आता येत नाही. ते सकाळी होतं, दुपारी खडी भरताना होतं, संध्याकाळी ट्रक लावून घराकडे वळलो की पाठीमागे होतं. आधी एक असायचं. मग दोन. आज सकाळी ते थांबलंच नाही. टक् टक् टक् टक्, कोणीतरी बटणावर हात ठेवून सगळ्या जोराने दाबत असावं तसं, मी कप पुसून ठेवेपर्यंत.

मिस्त्रीने दिलेला वायरचा तुकडा केबिनच्या खणात आहे. तुटलेली दोन टोकं बॉनेटखाली समोरासमोर आहेत. ती अजून जोडायची राहिली आहेत.